सोलारच्या धंद्यातला जळफळाट

सोलारचं फिटिंग करणाऱ्याकडं किस्से आपोआप जमतात. बैठकीत माणूस सावरून बोलतो. गच्चीवर गेला की त्याला शेजाऱ्याची गच्ची दिसते आणि पोटातलं ओठावर येतं. नांदेडच्या एका छोट्या फर्ममध्ये मी बरीच वर्षं हेच काम करत आलो. जोडीला खलीलभाई. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. ते आठवी पास, अर्धं आयुष्य डिझेलचे जनरेटर दुरुस्त करण्यात गेलेलं. आधीच सांगून टाकतो, मी त्यांच्यावर लई जळायचो.

*

कंधारला गंगाधरराव नावाचे किराणा दुकानदार होते. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. आपली वीज कोळसा जाळून येते, त्याचा धूर, दरसाल वाढणारं ऊन, लेकराबाळांचं पुढं कसं होणार. अर्धा तास बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीपलीकडच्या धाकट्या भावाच्या घराकडं बोट केलं.

"त्यानं किती बसवले?"

"आठ," खलीलभाई म्हणाले.

"मग मला नऊ."

गच्चीवर जागा आठचीच. मी टेप लावून तीनदा मोजून दाखवलं, ते ऐकेनात. खलीलभाईंनी सुचवलं, पॅनल आठच बसवू, पण लोखंडी स्ट्रक्चर नेहमीपेक्षा दोन फूट उंच घेऊ. खाली बाज टाकता येईल, आणि भावाच्या अंगणातून दिसेलही. गंगाधररावांनी तिथल्या तिथं सही केली. माझा कोळसा आणि धूर कुणी विचारलाच नाही.

*

देगलूरला लक्ष्मीबाईंचा तेलघाणा. लाईट गेली की तिथं डिझेलचा जनरेटर चालायचा आणि तो वर्षानुवर्षं खलीलभाईच दुरुस्त करायचे. आम्ही सोलार आणि बॅटऱ्या बसवल्या आणि त्या जनरेटरचं काम संपलं. म्हणजे खलीलभाईंनी आपल्याच हातानं आपलं जुनं गिऱ्हाईक बंद केलं. मला वाटलं, आता तरी त्यांचं तोंड उतरेल.

कुठलं काय. ते आणि लक्ष्मीबाई तेलुगूत गप्पा मारत बसले. मला एकच शब्द कळला, माझं नाव. त्यावर दोघंही हसले. परतताना मी विचारलं, काय बोलत होता? म्हणाले, पोरगा हुशार आहे असं सांगितलं. मी गाडी चालवत नांदेडपर्यंत विचार केला, हुशार म्हटल्यावर हसतं का कुणी?

*

लातूरच्या एका मास्तरांचा रोज फोन यायचा. त्यांच्या साडूकडंही तेवढेच पॅनल, पण मोबाईलवर साडूचे युनिट जास्त दिसायचे. मास्तरांना जेवण गोड लागेना. मी एकटा गेलो, उन्हात दोन तास एकेक जोड तपासला. काही दोष सापडेना. शेवटी खलीलभाईंना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, साडू पॅनल धुतो का?

मास्तरांनी मेहुणीला फोन केला. साडू दर दोन दिवसांनी पहाटे पाईप घेऊन गच्चीवर चढतो, हे त्या दिवशी बाहेर आलं. मास्तर मग रोज धुवायला लागले. महिन्यानं त्यांचे युनिट साडूच्या पुढं गेले आणि ऑफिसात पेढे आले. पाकिटावर नाव खलीलभाईंचं.

*

हिमायतनगरला कापसाच्या एका जिनिंगचं मोठं काम आलं. सुपरवायझर कोण, हे आमच्या फर्मचे मालक ठरवणार होते. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की खलीलभाईंना ड्रॉइंग वाचता येत नाही. खोटं नव्हतं, पण सांगायला गेलो ते चांगल्या मनानं नव्हे. मालकांनी त्यांना माझ्यासमोरच बोलावलं आणि विचारलं, हा बालाजी म्हणतो ते खरं का?

"खरंय साहेब," खलीलभाई म्हणाले. "म्हणून तर मी याला सगळीकडं संगं नेतो."

सुपरवायझर मीच झालो. बाहेर आल्यावर त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढं सरकवला.

*

शेवटी माझ्या घरी सोलार बसवायचं ठरलं. मनात पक्कं केलं की हे काम एकट्यानं करायचं. दोन सुट्ट्या घातल्या. स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, सगळं माझ्या हातचं. मीटरवाले येऊन तपासून, मीटर जोडून गेले. त्यांनी एकही खोट काढली नाही.

मी खटका ओढला. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, आकडे चढायला लागले. बायको आरतीचं ताट घेऊन आली. शेजारचे चौघं गच्चीवर येऊन बघून गेले. कठड्याला हात टेकून आमचे बाबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे पॅनल बघत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. कधी नव्हे ते वाटत होतं, आज शाबासकी मिळणार.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झकास झालंय. खलीलभाईला दाखवलंस का एकदा?"