मुनियप्पा 'सरी' म्हणाला, पण कुणाला?

मेलेल्या माणसाची सही चालत नाही, मग त्याचा होकार कसा काय चालतो? आधी याचं उत्तर मनाशी द्या, मग पुढचं वाचा.

असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. माझे वडील बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटायचे. अक्षरं वाचायला मी शिकले ती त्याच पत्रकांवर. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

माझे मोठे काका, तात्या, साताऱ्याकडे ऊस पिकवतात. त्याआधी फौजेत हवालदार होते. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे बंगळुरात, मारतहळ्ळीला आले, कारण त्यांचा फौजेतला जोडीदार मुनियप्पा वारला होता. व्हाइटफील्डच्या पुढे, अपार्टमेंटच्या भिंती संपतात तिथे त्याचं नाचणीचं शेत आहे. पेन्शनवर आल्यापासून ते त्यानं स्वतः कसलं. आता धाकट्या भावाला, नागराजला, ते बिल्डरला द्यायचं होतं. सही हवी होती मुनियप्पाच्या बायकोची, लक्ष्मक्काची. आणि ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

रविवारी भर दुपारी नागराजनं अंगात येणारा एक पुजारी आणून अंगणात बसवला. "अण्णालाच विचारू," म्हणाला.

"तात्या, हा बनाव आहे," मी कुजबुजले.

"मग उघडा पाडू की. तुझा बाप पत्रकं चिकटवायचा तवा खळीची बादली कोण धरायचं?"

पुजारी घुमायला लागला. नागराजनं हात जोडून विचारलं, "अण्णा, शेत देऊ?"

"सरी."

कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. नागराजनं तत्काळ वहिनीपुढे पेन धरलं. मला हसूच आलं — इतकं स्वस्त नाटक!

तेवढ्यात तात्या ताडकन उभे राहिले आणि पहाऱ्यावर असल्यासारखे गरजले, "थम! कौन आता है? सरी?"

डोळे न उघडता पुजारी म्हणाला, "वरंबा."

तात्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

राजस्थानच्या चौकीवर या दोघांनी बंकरमागे मेथी लावली होती. तात्या म्हणायचे, सरी पाड. मुनियप्पा म्हणायचा, सरी सरी, आणि बसून राहायचा! शेवटी तात्यांनी त्याला शिकवलं — नांगरानं पडते ती सरी, तिच्या शेजारचा उंचवटा तो वरंबा. पुढे तोच त्यांचा खेळ झाला. पहारा बदलताना एकानं म्हणायचं सरी, दुसऱ्यानं वरंबा. हे मला तात्यांनी नंतर, बसस्टॉपवर सांगितलं.

पण अंगणात नागराज उड्या मारत होता. "बघा, अण्णाच आहे! आणि अण्णा सरी म्हणाला!"

"अरे, तुला न्हाई, मला म्हणाला! शेतातली सरी!" तात्या ओरडले, आधी मराठीत, मग मोडक्या हिंदीत.

"शेत कुणाचं, हवालदारसाब? तुमचं?"

मी सगळ्यांवर संशय घेतला. पुजाऱ्याला मराठी येत असणार! मी त्याला हसतमुखानं मराठीत म्हटलं, "तुमच्या चपला कुत्र्यानं नेल्या." तोही हसला, नमस्कार केला, जागचा हलला नाही. मग वाटलं, तात्यांनीच पढवलंय. पण ते पुजाऱ्याला त्याच दुपारी पहिल्यांदा भेटले, माझ्यादेखत. मग अक्का? नवऱ्यानं कधी गमतीत सांगितलं असेल, तिनं पुजाऱ्याला... पण तीच मला विचारत होती, "वरंबा अंद्रे एनु?" वरंबा म्हणजे काय? खरंच माहीत नव्हतं, की नाटक होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना तिला माझ्या तोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, तुम्हाला काय हवंय?"

ती हळू म्हणाली, "हे मला अजून कुणीच विचारलं नव्हतं. यंदा पेरायचंय मला."

सही अजून झालेली नाही. नागराजनं पुजाऱ्याला पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी मी अक्काच्या शेजारी बसणार आहे. तो शब्द पुजाऱ्याच्या तोंडी कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नसलेलं उत्तर मी बनवून सांगणार नाही.

पण तुम्ही एक करा. तुमच्या नात्यात, गावात कुठे गेलेल्या माणसाच्या इच्छेच्या नावाखाली जमीन विकायला काढली असेल, तर आजच तिथे फोन लावा. त्या घरातल्या बाईला फोनवर बोलवा, तिला काय हवंय ते विचारा — आणि ती बोलेपर्यंत मध्ये बोलू नका.