माझ्या दारचा बटमोगरा

माझ्या दारात बटमोगरा आहे. तो मी लावला, मी वाढवला आणि त्याची फुलं माझी आहेत. एवढी साधी गोष्ट ठणकावून सांगावी लागते, यातच सगळं आलं.

आमची नाशकातली रो-हाऊसची कॉलनी. प्रत्येक घरापुढे बिल्डरने बाग म्हणून एक तुकडा सोडला आहे. स्कूटर आडवी लावली की बाग संपते. बहुतेकांनी तिथे फरशी घालून टाकली. मी बटमोगरा लावला, कारण एवढ्याशा जागेत तोच शहाण्यासारखा राहतो. वेली मोगरा कंपाउंडवरून चढून लोकांच्या घरात डोकावतो. बटमोगरा कमरेच्या वर जात नाही. फांद्या आखूड, पानं दाट आणि कळी शर्टाच्या बटणाएवढी, गोल, टपोरी. संध्याकाळी ती उमलली की फाटकापासूनच कळतं.

लोक विचारतात, "साहेबांच्या आठवणीत लावला का हो?" विचारताना आवाज आधीच ओला केलेला असतो. नाही हो! आमच्या ह्यांना मोगऱ्याने शिंका यायच्या. लग्नात मी डोकंभर मोगरा माळून उभी होते आणि अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेव शिंकत होते. भटजींनी दोनदा मंगलाष्टक थांबवलं. माझ्या मामांना वाटलं, मुलाला काही दुखणं आहे आणि ते लपवलं गेलं. त्या दिवसानंतर आमच्या घरात मोगरा आला नाही. मी अबोली घातली, शेवंती घातली, सोनचाफा घातला. तक्रार कधीच नव्हती. माणूस लाखात एक होता. त्याला शिंकायला लावून मला कसला आलाय सुगंध?

हे गेले. वर्ष कसं गेलं ते मलाच ठाऊक. मग एका रविवारी मी गंगापूर रोडच्या नर्सरीत गेले आणि बटमोगरा घेऊन आले. आठवणीबिठवणीसाठी नाही. मला तो इतकी वर्षं हवा होता म्हणून.

पहिल्या वर्षी त्याने एक फूल दिलं नाही. मी रोज पाणी घालत होते, खत घालत होते, पानं पुसत होते. झाड हिरवंगार, कळीचा पत्ता नाही. माझा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षबाग करतो. नाशकात कुणाचा ना कुणाचा भाऊ द्राक्षबाग करतोच, आणि त्याला जगातलं प्रत्येक झाड द्राक्षाचं वाटतं. तो आला, झाड बघितलं आणि म्हणाला, "ताई, तू याला लाडावून ठेवलंय. खाऊनपिऊन सुखी आहे ते, फुलेल कशाला? ताण दे त्याला." जानेवारीत त्याने माझं पाणी घालणं बंद केलं, सगळी पानं ओरबाडून काढली आणि खिशातून कात्री काढून छाटणी केली. नुसत्या काड्या उरल्या. कॉलनीभर बातमी झाली की काकूंनी झाड मारलं. महाशिवरात्रीनंतर मी आळं खणून शेणखत घातलं, भरपूर पाणी दिलं. चैत्र लागला तेव्हा काड्यांच्या टोकाटोकाला कळ्यांचे झुबके होते. मी पायरीवर बसून रडले. आनंदाने रडले, हे मुद्दाम सांगते. एकट्या बाईचं रडणं कुणी आनंदाचं धरत नाही.

आणि मग फुलचोरी सुरू झाली. समोरच्या घरातली सून, माझ्या मुलीच्या वयाची, सकाळी आंघोळ करून प्लास्टिकची पिशवी घेऊन यायची आणि फाटकातून हात घालून फुलं तोडायची. पहिल्या दिवशी मी खिडकीतून बघितलं तर ती हसली. "देवाला वाहते हो काकू. पुण्य तुम्हालाच!" याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. देवासाठी तोडली की चोरी होत नाही, हा शोध कुणी लावला देव जाणे. देवाला विचारलंय का कुणी?

तरी मी गप्प बसले असते. थोडी तू ने, थोडी मला ठेव, असं चाललं असतं. पण तिने पुढचं वाक्य टाकलं. "नाहीतरी तुम्हाला आता कुठे लागतात?"

अगदी सहज म्हणाली ती. दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मला लागतात. डोक्यात घालायला लागतात. मी दुसऱ्याच दिवशी चार फुलं अंबाड्यात खोवली आणि बँकेत गेले. मी कॅशला बसते, समोर दिवसभर माणसं असतात. शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, विशेष काही नाही, फुलं आली. जेवणाच्या सुट्टीत ती मला कोपऱ्यात घेऊन गेली. "राग मानू नका, पण बरं दिसत नाही हो. लोक मागे बोलतात. तुमच्या चांगल्यासाठी सांगते." माझ्या चांगल्यासाठी! लोक माझं जितकं चांगलं चिंततात तितकं मला सोसत नाही. मी फुलं काढून डब्यात ठेवली. भाजीच्या वासात ती पिवळी पडली आणि मी उरलेला दिवस लोकांच्या नोटा मोजत स्वतःवर चिडत राहिले.

हे होते तेव्हा ह्यांना शिंका यायच्या, म्हणून मोगरा नाही. आता हे नाहीत, म्हणून मोगरा नाही. मग मी मोगरा घालायचा तरी कधी?

त्या समोरच्या घरात सासूबाईही आहेत. मी त्यांना मावशी म्हणते. सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. नवरा तरुणपणीच गेला, मुलाला कांद्याच्या शेतात राबून शिकवलं, आता मुलगा इथे नोकरीला म्हणून त्याही इथे. संध्याकाळी त्या त्यांच्या पायरीवर बसायच्या, मी माझ्या. एकदा रस्त्यापलीकडून म्हणाल्या, "तुना मोगराना वास आठेलोंग येस, माय." तुझ्या मोगऱ्याचा वास इथवर येतो. मी ओंजळभर फुलं नेऊन दिली. त्यांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि मग सुनेची चाहूल लागताच उठून देव्हाऱ्यात ठेवून आल्या.

यंदाच्या चैत्रात समोरची सून माझ्याकडे आली. फाटकातून हात घालून नव्हे, रीतसर बेल वाजवून. "काकू, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे माझ्याकडे. यंदा आम्ही ठरवलंय, सगळ्यांना बोलवायचं. तुम्ही पण यायचं. भेदभाव नाही मानायचा. काळ बदललाय." आणि मग, "बायकांना गजरे द्यायचेत. तुमच्या कळ्या मिळतील ना?"

खरं सांगू? मी हरखले. तिची फुलचोरी मी तिथल्या तिथे माफ केली. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी रजा टाकली आणि उन्हं कलायच्या आत, मिटलेल्या असतानाच सगळ्या कळ्या तोडल्या. ओल्या फडक्यात घेतल्या. दोऱ्याला गाठ मारत एकेक गजरा केला आणि प्रत्येक गजरा करताना मनात एकच होतं की यातला एक आज माझ्या डोक्यात कुणीतरी घालणार. चारचौघांत, सगळ्यांसमोर. एकदा तसं झालं की मग मी रोज घालीन, बँकेतही घालीन, बघू कोण कोपऱ्यात नेतं ते.

हॉल बायकांनी भरला होता. गौर झोपाळ्यात बसवलेली, कलिंगड कमळासारखं कापलेलं, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. सुनेने छोटंसं भाषणही केलं. आमच्या कॉलनीत आम्ही जुन्या रूढी मानत नाही वगैरे. मला पुढे बोलावलं, कुंकू लावलं आणि टाळ्या वाजल्या. एकीने मोबाइलवर फोटो घेतला आणि म्हणाली, "काकू, जरा इकडे बघा, हसा." मी हसले. कुंकू लावलेल्या बाकी कुणाचा फोटो घेतला नव्हता, कुणासाठी टाळ्याही नव्हत्या. माझा नवरा वारला याबद्दल माझा सत्कार चालला होता.

पाणी प्यायला आत गेले तर मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाट्यांत डाळ भरत होत्या. कपाळ मोकळंच. "मावशी, बाहेर चला ना," मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या आणि वाटीतली डाळ चमच्याने सारखी केली. सगळ्यांना बोलावलं होतं, फक्त घरातल्यांना बोलवायचं राहिलं होतं.

मी परत येऊन बसले. गजऱ्यांचं तबक फिरत फिरत आलं. माझ्या उजवीकडच्या बाईला गजरा, मग माझ्या डावीकडच्या बाईला गजरा. तबक पुढे गेलं. मी बांधलेले गजरे, माझ्या दोऱ्यातले, माझ्या झाडाचे, आणि माझ्याच तोंडाला पानं पुसून ते पुढे गेले.

सगळ्यांचं झाल्यावर सुनेच्या लक्षात आलं असावं. ती एक गजरा घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवला. अगदी प्रेमाने म्हणाली, "काकू, हा घरी काकांच्या फोटोला घाला."

"त्यांना मोगऱ्याने शिंका यायच्या," मी म्हणाले.

ती गोंधळली. कुणीतरी हसलं. मी हसत नव्हते. मी उभी राहिले आणि गजरा अंबाड्याला गुंडाळला. पण माझे केस आता विरळ झालेत, तो काही टिकेना.

"कुणाकडे केसांचा आकडा आहे का?" मी विचारलं.

हॉलभर बायका होत्या. प्रत्येकीच्या डोक्यात माझा गजरा होता आणि प्रत्येक गजऱ्याला आकडा होता. एकीचाही हात केसांकडे गेला नाही. कुणी मोबाइल बघायला लागलं, कुणी पन्ह्याचा ग्लास उचलला. सून माझ्या कानाशी आली. "काकू, राहू द्या ना आता. घरी जाऊन घाला."

घरी! म्हणजे दार लावून! माझा आवाज चढला, हे मला कळत होतं. "मी रस्त्यातून चालत जाणार आहे. तो डोक्यात घालून जाणार आहे. मला फक्त एक आकडा द्या."

स्वयंपाकघराच्या दारातून मावशी आल्या. त्यांनी हात पदराला पुसले, स्वतःच्या अंबाड्यातला आकडा उपसला. पांढरे केस खांद्यावर सुटले. "आई, तुम्ही आत बसा," सून म्हणाली, पण त्या तोवर माझ्या मागे येऊन पोचल्या होत्या. कुणाच्या केसांत गजरा खोवायची त्यांच्या हाताला सवय राहिली नव्हती. आकडा टाळूला टोचला, चांगला जोरात टोचला. मी हूं की चूं केलं नाही.

मग मी वळले आणि तबकातला उरलेला गजरा उचलला. "मावशी, फिरा तिकडे. आता तुमची पाळी."

त्या एक पाऊल मागे सरल्या. सुटलेले केस एका हाताने गोळा करत त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "नको माय. माले याच घरमा ऱ्हावानं शे." मला याच घरात राहायचंय.

आणि डाळीच्या उरलेल्या वाट्या भरायला आत गेल्या.