काकूंना ऐकू न येणारा कॉम्प्रेसर

अमरावतीहून नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा हडपसरला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. शहरात नवनव्या कंपन्या उघडत होत्या आणि आमच्यासारखी विदर्भातली मुलं-मुली बॅगा घेऊन बसमधून उतरत होती. माझं काम दिवसभर स्क्रीनसमोर बसण्याचं. घरी आल्यावर हाताने काहीतरी करावंसं वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं.

मग ऑफिसमधला एकजण अमेरिकेहून परतताना वाफेच्या इंजिनाचं एक मॉडेल घेऊन आला. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे आणि रंगवायचे. त्याला जोडायला वेळ नव्हता, म्हणून खोकं माझ्या टेबलावर आलं. माझे वडील रेल्वेत होते आणि आमचं लहानपण बडनेऱ्याच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. ते इंजिन जोडताना मी जेवायचं विसरले. त्यानंतर तोच माझा छंद झाला.

रंगाचं मात्र जमेना. कुंचल्याने रंगवलेलं इंजिन जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसायचं. खऱ्या इंजिनावर काजळी असते, बॉयलरच्या कडेला गंज असतो, आणि काळा रंग कुठे संपतो नि तांबूस कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. त्यासाठी एअरब्रश लागतो, म्हणजे जाड पेनासारखी एक नळी. तिच्यातून हवेच्या जोरावर रंगाचा धुरासारखा बारीक फवारा उडतो. एअरब्रश मी मिळवला. पण त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर हवा, आणि कॉम्प्रेसर म्हटलं की आवाज आला.

माझ्या बरोबर खाली काका-काकू राहायचे. काका बँकेतून निवृत्त झालेले आणि हृदयाचं दुखणं असलेले. काकू शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात काकू वाटीभर दडपे पोहे घेऊन वर आल्या होत्या. "एकटी राहतेस, जेवतेस का नीट?" असं विचारून त्यांनी माझा गॅसही तपासला. पुढे माझी एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. मी "करून राहिली" म्हणाले की त्या हसून "करते आहे" म्हणायच्या, पण मला त्याचा राग यायचा नाही. आजारी पडले तेव्हा त्यांनीच मऊ भात करून आणला होता. घरी फोनवर मी आईला सांगायचे, "इथे मला एक काकू मिळाल्या."

त्यामुळे कॉम्प्रेसर घ्यायचा तर काकांना त्रास होणार नाही असाच, हे मी आधीच ठरवलं. काकूंना तसं सांगितलंही.

"अगं, आण की," त्या म्हणाल्या. "मी खाली बसून ऐकेन आणि तुला सांगेन."

पहिला कॉम्प्रेसर मी नाना पेठेतल्या एका दुकानातून 'बघून परत देते' या बोलीवर आणला. गॅरेजमध्ये चाकात हवा भरायला वापरतात तसला. सुरू केला आणि शेल्फवरच्या वाट्या वाजायला लागल्या. काकू स्वतःच जिन्यातून वर आल्या. "हे ट्रॅक्टर आहे," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. परत करायला गेले तेव्हा दुकानदाराला विचारलं, "आवाज न करणारा नाही का?"

"आहे की," तो म्हणाला. "बंद ठेवला की कुठलाच करत नाही."

मग कोणीतरी सुचवलं, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून वापर, फ्रिज कुठे ओरडतो? जुन्या बाजारात तसला एक मिळाला. मेकॅनिककडून त्याला नळी बसवून घेतली. आवाज खरंच फ्रिजइतकाच, नुसती घुरघुर. मी खूश झाले. खालून काकूंनी फोन केला, "चालू केलास का? काहीच ऐकू येत नाही गं." पण असल्या कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं आणि ते हवेबरोबर थोडं थोडं बाहेर येतं. माझ्या इंजिनाच्या छान काळ्या बॉयलरवर तेलाचे ठिपके उठले, पुसावेत तर रंगच निघाला. शिवाय तो तापायचाही लवकर.

शेवटी बरंच वाचून, ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर परदेशी छंदिष्टांचे सल्ले धुंडाळून, माझ्या लक्षात आलं की मला बिनतेलाचा, लहान पिस्टनचा आणि खाली टाकी असलेला कॉम्प्रेसर हवाय. टाकी महत्त्वाची. तीत हवा भरली की यंत्र आपोआप बंद होतं आणि मग कितीतरी वेळ शांतपणे रंगवता येतं. शिवाय हवेतलं पाणी अडवायला एक छोटी काचेची बाटली लागते, नाहीतर रंगात थेंब पडतात. असा कॉम्प्रेसर मुंबईहून मागवावा लागला. तो आला तेव्हा मी त्याच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले, त्याखाली जुनी सतरंजी घडी करून घातली, आणि काकूंच्या झोपायच्या खोलीवर येणार नाही अशा कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, तो मांडला.

त्या दिवशी काकू खाली पलंगावर आडव्या पडून ऐकत होत्या. मी तो बराच वेळ चालू ठेवला, बंद केला, पुन्हा चालू केला. मग धावत खाली गेले.

"काय?"

"केव्हा चालू केलास?" काकू म्हणाल्या. काका पेपरमागून म्हणाले, "आमच्या पंख्याचा आवाज जास्त आहे."

पुढचे काही महिने फार चांगले गेले. शनिवारी सकाळी मी रंगवायला बसायचे. काकू कधी वर येऊन वेताच्या मोड्यावर बसायच्या, नाकाला पदर लावून बघायच्या. एकदा गंजाचा रंग बसवत होते, तेव्हा म्हणाल्या, "आता यात कोळसे घालायचेच बाकी आहेत." ते इंजिन मी वडिलांना पाठवलं. त्यांनी फोनवर फक्त चाकांबद्दल विचारलं, पण आई म्हणाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असतात.

मग घरमालकांचा फोन आला. ते नाशिकला असत. माणूस सभ्य होता, पण त्या दिवशी आवाज कोरडा वाटला.

"तुम्ही घरात मशीन चालवता म्हणे? सोसायटीत तक्रार आली आहे. खालच्या मजल्यावर हार्ट पेशंट आहेत. अध्यक्ष म्हणाले, भाडेकरू बदला."

मला हसूच आलं. खालच्या मजल्यावरचे म्हणजे आमचेच काका-काकू. कोणीतरी परस्पर त्यांचं नाव वापरलं असणार. मी तशीच खाली गेले आणि काकूंना सगळं सांगितलं.

"कोण असेल हो काकू? तिसऱ्या मजल्यावरचे का?"

"असतील कोणीतरी," काकू चहा गाळत म्हणाल्या. "लोकांना दुसऱ्याचं बघवत नाही."

"रविवारी मीटिंग आहे. तुम्ही सांगाल ना, आवाज येत नाही म्हणून?"

"सांगते की. बिस्किट घे."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये होती. गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. आधी पाण्याचा टँकर झाला, मग लिफ्ट झाली, मग अध्यक्षांनी माझा विषय काढला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ज्यांना त्रास होतो असं म्हणतात, ते इथेच बसलेत. त्यांनाच विचारा."

काकू उठल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या. वर्गात उभ्या राहत असतील तशा उभ्या राहिल्या.

"मुलगी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीसारखी आहे, म्हणून इतके दिवस आम्ही बोललो नाही. पण ह्यांना झोप लागत नाही. छातीत धडधडतं. कालसुद्धा दुपारभर घरघर चालू होती."

मला प्रथम वाटलं, त्या दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काकू," मी म्हणाले, "कॉम्प्रेसर आठवड्याभरापासून दुरुस्तीला दिलाय. तो घरातच नाही."

हे काकूंना ठाऊक नव्हतं. टाकी भरली की बंद करणारं बटण अडकायला लागलं होतं, म्हणून मी तो ऑफिसला जाताना परस्पर देऊन आले होते. काकूंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मी काकांकडे बघितलं, तर ते चपलेचा अंगठा नीट करत होते.

अध्यक्ष खाकरले. "अहो मॅडम, काल नसेल. त्याआधी होताच ना?"

आणि तेवढ्यावर विषय संपला. पुढचा विषय पार्किंगच्या पट्ट्यांचा होता.

मी जिन्याने वर निघाले. काका मागून हळूहळू येत होते. पहिल्या मजल्यावर त्यांच्या दाराशी दम खायला थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगा परत यायचं म्हणतोय. वरचा फ्लॅट मिळाला तर येईन म्हणाला. एकत्रही आणि वेगळंही. मालकांना विकायचाच आहे, पण भाडेकरू असताना..." कुलूप उघडून ते आत गेले. मी त्यांच्यामागून आत गेले आणि काकूंची वाट बघत उभी राहिले.

काकू आल्या तेव्हा मी म्हणाले, "माझी किल्ली द्या."

त्यांनी फ्रिजवरच्या वाटीतून किल्ली काढली. देताना म्हणाल्या, "तुला काय गं, तू भाड्याने राहतेस. तुला कुठेही घर मिळेल. माझा मुलगा काय पुन्हा पुन्हा येणार आहे?"

"मला विचारलं असतंत तर मी सोडला असता फ्लॅट."

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

मी किल्ली घेऊन बाहेर पडले. मी खरंच सोडला असता. त्यांच्यासाठी एका पायावर सोडला असता आणि सामान आवरायला वर त्यांचीच मदत मागितली असती. पण त्यांच्या दृष्टीने मी कोण होते, हे त्या एका वाक्यात होतं. इतक्या वाट्या वर आल्या, मऊ भात आला, आणि तरी मला विचारून बघण्याइतकाही भरवसा नव्हता. वर येऊन मी ओट्याखालच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले. मग एकेक दिवस आठवायला लागले. मोड्यावर बसून त्या कौतुक करत होत्या, तेव्हा हे ठरलेलं होतं का? चहा गाळत होत्या, तेव्हा तर होतंच. त्या 'काहीच ऐकू येत नाही' म्हणाल्या ते तरी खरं होतं का, की तेही चांगलं दिसावं म्हणून? मी महिनोन्महिने ज्यांच्या कानावर विसंबून यंत्र निवडलं, त्या कानांचं काय खरं मानायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी फोन केला. वडिलांनी उचलला आणि माझा आवाज ऐकून म्हणाले, "काहून रडून राहिली? काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भांडू नको त्या बाईशी. पण खोली पाह्य आजच."

महिन्याच्या आत मी वाघोलीला गेले. तिथे तळमजल्यावर जागा मिळाली, खाली कोणी नाही. दुरुस्त झालेला कॉम्प्रेसर थेट नव्या घरी नेला. निघायच्या दिवशी काकूंचं दार बंद होतं, पण आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. नव्या जागेतल्या शेजारीण बाई चांगल्या होत्या. दिवाळीला ताट घेऊन आल्या. मी ताट घेतलं, आभार मानले, दुसऱ्या दिवशी त्यात फराळ घालून परत केलं. घराची दुसरी किल्ली मात्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

काही वर्षांनी हडपसरच्या भाजी मंडईत काकू दिसल्या. बारीक झाल्या होत्या. मी वळून जाणार होते, पण त्यांनी हाक मारली, तीही माझ्या लाडाच्या नावाने. काका गेल्याचं त्यांनी सांगितलं. मुलगा आला होता, वरचा फ्लॅट घेतला, पण सुनेला करमेना, म्हणून पुन्हा गेले. फ्लॅटमध्ये आता दोन मुलं भाड्याने राहतात, रात्रंदिवस गाणी लावतात.

"सांगून बघितलं मी," काकू म्हणाल्या. "ऐकत नाहीत."

काका गेल्याचं ऐकून मला वाईट वाटलं, ते खरंच वाईट वाटलं. त्या दिवशी जिन्यात थांबून मला मुलाचं सांगायची काकांना गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं होतं. काकूंच्या हातातली पिशवी जड होती. ती मी घेतली आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. आत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"चल ना घरी. दडपे पोहे करते."

"नको काकू," मी म्हणाले. "मला कामं आहेत."

"राग आहे का गं अजून?"

रिक्षावाला मागे वळून बघत होता. मी पिशवी त्यांच्या पायाशी नीट ठेवली, टोमॅटो दबणार नाहीत अशी.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. रिक्षा गेली. मी परत मंडईत शिरले, कारण माझी मेथी घ्यायची राहिली होती.