दोन आणि तीनच्या मधे

आमच्या लिलाववाल्या भाऊंइतका ‘तीन’ हा आकडा तोंडातून काढायला कचरणारा माणूस उभ्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि आमच्या मंडईत दरवर्षी दुपारी एक लिलाव होतो. जंगलातल्या गावांहून शिकायला आलेल्या पोरींचं वसतिगृह आहे, त्यांच्या हिवाळ्यातल्या पांघरुणांसाठी. लोक घरचं काहीबाही आणून देतात: एखादा कोंबडा, बांबूच्या टोपल्या, दोघांनी उचलावा असा भोपळा. भाऊ लिलाव पुकारतात, आणि मी, गावचा मास्तर, शेजारी पितळी थाळी घेऊन उभा असतो. त्यांनी ‘तीन’ म्हटलं की थाळी वाजवायची, एवढंच माझं काम. पण भाऊ ‘एक’ म्हणत, ‘दोन’ म्हणत, आणि मग निघून जात. अंग तिथंच असे, पण नजर लोकांच्या डोक्यांवरून, कापणीला आलेल्या धानावरून पार सागाच्या रांगेपर्यंत जाई आणि तिकडेच रमे. माझा हात थाळीवर तसाच अधांतरी.

हे खूळ नोकरीतलं. भाऊंची सगळी हयात एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. गाडी सुटायची वेळ झाली की ते भोंगा हातात धरून खिडकीतून वाटेकडे बघत बसत. मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकून जात. “काऊन घाई करून राह्यला गा? कोनीतरी धावत येत असन,” हे भाऊंचं ठरलेलं उत्तर. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा कोणीतरी खरंच येई, चप्पल हातात घेऊन, धापा टाकत. मग भाऊंचा चेहरा असा फुले, की त्या माणसाला जणू त्यांनीच जन्माला घातलं.

लिलावातही तेच. एका वर्षी बकरी होती. भाऊंनी ‘दोन’ म्हटलं आणि ते सागाकडे निघून गेले. इतक्या वेळात बकरीने माझ्या हातातलं दावं सोडवून घेतलं आणि ती सरळ देणाऱ्याच्या घरी चालती झाली. भाऊंना कुणी सांगितलं, तर म्हणाले, “जाऊ दे. थे घरी पोचली का तिथीच तीन म्हनू.” मग अख्खा लिलाव बकरीच्या मागून वरातीसारखा गावातून निघाला, आणि देणाऱ्याच्या अंगणात, वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्यानेच ती घेतली. तो मंडईत आलाच नव्हता.

मला एकदा नागपूरला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं होतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं की पुढाऱ्याने झटपट निर्णय घ्यावा, आणि मी मान डोलावून आलो. पण भाऊंच्या शेजारी उभं राहून मी वेगळंच बघत होतो. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी पहिल्याच दमात ओरडत. मागे उभा असलेला माणूस मनाचा हिय्या करून हात वर करी, तो नेमका त्या ‘दोन’नंतरच्या शांततेत. भाऊंमुळे मीही वर्गात प्रश्न विचारला की शेवटच्या बाकाची वाट बघायला शिकलो. मुलं हसतात. हसोत बापडी.

भाऊंना सागाच्या रांगेतून परत आणायची हिंमत फक्त वहिनींत, म्हणजे भाऊंच्या बायकोत होती. बायकांच्या बाजूने त्यांचा खणखणीत आवाज येई, “म्हना आता तीन! भात थंडा होऊन राह्यला!” की भाऊ दचकून ‘तीन’ म्हणत, मी थाळी वाजवी, आणि सगळी मंडई हसे. वहिनी शिवणकाम करत. भाऊंचे सदरे, माझ्या मुलीचे फ्रॉक, वसतिगृहाच्या खिडक्यांचे पडदे, सगळं त्यांच्या मशीनवरचं. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मंडईच्या दिवशी भाऊंनी ते मशीन पुसून, तेल घालून लिलावात आणून ठेवलं. मी म्हटलं, “भाऊ, हे राहू द्या.” ते म्हणाले, “मशीन चालाले पायजे, मास्तर. घरी नुसतं माह्याकडे पाह्यत बसते.”

त्या दिवशी ते मशीनबद्दल एक शब्दही वाढवून बोलले नाहीत. बोली चढत गेली आणि मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीपाशी थांबली. धानोऱ्याकडच्या जंगलातली, नात वसतिगृहात शिकणारी. भाऊ ‘एक’ म्हणाले. ‘दोन’ म्हणाले. आणि बायकांच्या बाजूकडे बघू लागले.

मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी तिकडून ओरडावं. शेवटी ती म्हातारीच गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि मशीनवर हात ठेवून हळूच म्हणाली, “म्हना भाऊ आता तीन. आता कोनी नाई येत. मी आली ना.”

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. “तीन,” ते म्हणाले, इतक्या हळू की मी थाळी वाजवायची विसरलो.

मशीन म्हातारीच्या बसच्या टपावर चढवायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. भाऊंनी दोर स्वतः आवळला. बस सुटली, नाल्याच्या वळणावर गेली, दिसेनाशी झाली, तरी ते वाटेकडे बघत उभेच. मी घाई केली नाही. तेवढं त्यांनीच शिकवलं होतं. बऱ्याच वेळाने ते वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चाला मास्तर. भात थंडा होऊन राह्यला.”

त्यांच्या घरी भात कुणी मांडला होता, ते मी विचारलं नाही. त्यांना माझ्या घरी जेवायला घेऊन गेलो.