अनुमती देऊ नका

फोनचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते घरातल्या जुन्या चार्जरांसारखे साचतात. कुठला कशाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. मोहालीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्कात संध्याकाळी आम्ही तिघी मराठी बायका एका बाकावर बसतो. मुलं घसरगुंडीवर असतात आणि कुणीतरी एखादा किस्सा काढतंच. त्यातले कॅमेऱ्याच्या परवानगीचे किस्से सगळ्यात जास्त माझ्याकडे, कारण तिघींत सगळ्यात भित्री मी!

हसवायचं म्हणूनच सांगायला घेते. पण गेल्या वर्षी तिकडे अमरावतीला आईला लकवा झाला. तेव्हापासून कुठलाही किस्सा सांगताना मनात एकच असतं: मला आईचा चेहरा बघायचाय, आणि तो मला दिसत नाही.

*

सुरुवात कॅल्क्युलेटरपासून झाली. इरा तेव्हा तीन महिन्यांची होती. तिला पाजता पाजता मी एका हाताने एक कॅल्क्युलेटर डाउनलोड केला. उघडल्या उघडल्या तो विचारतो, "कॅमेरा वापरण्याची अनुमती द्यायची का?"

मी आधी पदर ओढला, मग फोन पालथा टाकला.

माझा नवरा नीरज औषधांवर संशोधन करतो. शांत माणूस. म्हणाला, "अगं, तू बोटांवर मोजतेस का ते बघायचं असेल त्याला!"

मला हसू आलं नाही. त्या दिवशी परवानग्यांची यादी उघडली, तर मी टॉर्चला, पंचांगाला आणि उपवासाच्या रेसिपीवाल्या अ‍ॅपलाही कॅमेरा देऊन बसले होते! कधी, कुणास ठाऊक. तेव्हापासून रविवारी दुपारी लोक फ्रीज साफ करतात तशी मी परवानग्या साफ करते. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, कॅमेरा, "अनुमती देऊ नका". नीरज याला माझी रविवारची पूजा म्हणतो.

*

आमच्यातली वैशाली साताऱ्याची. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे कॅमेऱ्याच्या बाबतीत तिच्या घरी माझ्यापेक्षाही कडक शिस्त. पण तिचा सेटिंग्जवर विश्वासच नाही. पुढच्या कॅमेऱ्यावर ती सरळ टिकली लावते. "सेटिंगचं काय सांगावं यार, टिकली पक्की!"

तिच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "सूनबाई, तुझं कपाळ मोकळं आणि फोनचं भरलेलं. या घरात नांदतंय कोण नक्की?"

*

इराला मोहालीतल्याच नॉलेज सिटीजवळच्या एका पाळणाघरात घातलं. त्यांचं अ‍ॅप होतं. गेटवर, व्हरांड्यात, खेळायच्या खोलीत कॅमेरे, आणि आईबापांना ते सगळं फोनवर दिसायचं. फक्त ते अ‍ॅप आधी माझा कॅमेरा मागायचं, गेटवरचा कोड स्कॅन करायला म्हणे. मी नाही दिला.

पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "मैडम जी, सबने दे दी है. आप क्या छुपा रहे हो?"

लपवण्यासारखं माझ्याकडे आहे तरी काय? पण नाही म्हणजे नाही. मग पोर रडते की जेवते ते कळणार कसं? तीन दिवस मी गेटच्या बाहेर बोगनवेलीआड उभी राहून आत डोकावत होते. कुणाच्या लक्षात आलं नसेल अशी माझी समजूत.

चौथ्या दिवशी गार्ड जवळ आला. "मैडम जी, आप अंदर बैठ जाओ. तीन दिन से सारे पेरेंट्स अपने फोन में आपको ही देख रहे हैं. पूछते हैं, ये औरत कौन है!"

*

तिसऱ्या माधवीताई, नागपूरच्या. चंडीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूविकाराच्या डॉक्टर. आठवड्यातून एकदा त्या पेशंट फोनवर तपासतात. एकदा रोपडकडचे एक वयस्क सरदारजी होते. लकव्यानंतरची तपासणी. आवाज येतोय, स्क्रीन मात्र काळी.

"बाबाजी, कैमरा अलाउ करो."

"करूँगा जी. पहले पग बाँध लूँ."

पगडी बांधायची, आणि एक हात लुळा. कापडाचं दुसरं टोक बायको धरून उभी असावी, कारण मधूनच ते तिच्यावर ओरडत होते. इकडे पेशंटची रांग. शिपाई दोनदा डोकावून गेला. माधवीताई काळ्या स्क्रीनसमोर तशाच बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने चित्र आलं. गडद निळी, नीट बांधलेली पगडी. "हाँ जी, अब देखो."

"मग मी काय केलं असेल?" माधवीताई आम्हाला म्हणाल्या. "मीपण केस नीट केले गं! म्हटलं, एक मिनिट हं बाबाजी."

आम्ही हसलो. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू आईचा चेहरा रोज बघतेस ना? ओठाचा कोपरा वर येतोय का, डोळा पूर्ण मिटतोय का? फोनवर सगळे बरं आहे म्हणतात. चेहरा खोटं बोलत नाही."

मी हो म्हटलं. खोटं.

*

खरं असं होतं. आई हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी बाबांनी तिच्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला; त्यांचा स्वतःचा बटणांचा. तोंड उजवीकडे ओघळलेलं. ती हसली, म्हणजे अर्धीच हसली. मी मांडीवरच्या इराला पुढे केलं. "बघ, कोण आहे?"

इरा पाळणाघरात हिंदी शिकली. टक लावून बघत म्हणाली, "ये कौन?" आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं.

"झोपेला आलीये गं," मी घाईघाईने म्हटलं. तिकडे आईने पदर तोंडाशी नेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनचा कॅमेरा बंद! पहिल्यांदा नुसतं कॉलमधलं बटण बंद निघालं, मग थेट परवानगीच. तिला आम्ही दिसायचो, आम्हाला ती नाही.

*

आता सगळ्या जगाचे कॅमेरे बंद करणारी मी, एक कॅमेरा चालू व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसले.

बाबा शाळामास्तर होते. रिटायर झाले तरी मी सांगितलेली प्रत्येक पायरी वर्गाकडून म्हणवून घ्यावी तशी मोठ्याने म्हणायचे. "चाकाचं चित्र दाबलं! आता अ‍ॅप्स! आता परवानग्या! कॅमेरा! अनुमती दिली!" तोवर शेजारून आईचा जड आवाज यायचा, "झोप... येऊन राहिली." मग बाबा म्हणायचे, उद्या पाहू. आणि उद्या पुन्हा काळी स्क्रीन.

"काही समजून नाही राहिलं बेटा. काल तर केलं होतं. सांग बरं पुन्हा, कुठं दाबू?"

असं महिनाभर. मी अ‍ॅप काढून परत टाकायला लावलं. पासवर्ड बदलायला लावला. बाबा बिचारे सगळं करत गेले. शेवटी मला खात्रीच पटली. नीरजला म्हटलं, "कुणीतरी आईच्या फोनमध्ये शिरलंय!"

"शिरलेला माणूस कॅमेरा चालू करेल," तो म्हणाला. "बंद कशाला करेल?"

मी त्याच्यावर चिडले. तुला काळजीच नाही, म्हटलं.

*

मग मी अमरावतीला गेलेच. इराला पहिल्यांदाच नीरजजवळ ठेवून, चार दिवसांसाठी, नागपूरपर्यंत विमानाने आणि पुढे टॅक्सीने. विमानात बसेपर्यंत त्याला अकरा मेसेज केले, त्यातले तीन एकच होते.

आई पलंगावर बसली होती. मी तिच्याजवळ बसून चेहरा बघून घेतला. ओठाचा कोपरा, डोळा. माधवीताईंनी सांगितलेलं एकेक. थोडं सुधारलं होतं, थोडं नव्हतं. तिने डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "वाळली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला नीरज इराला घेऊन कॉल करणार होता. बाबा अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी चहा घेऊन आईच्या खोलीशी आले आणि दारातच थांबले.

आईच्या मांडीवर फोन होता. डाव्या हाताचं एक बोट चाचपडत स्क्रीनवर उतरत होतं. ओठ हलत होते, आवाज जेमतेम. "चाक... अ‍ॅप्स... परवानग्या..."

अगदी बाबांच्या चालीत!

जिला साधा अलार्म लावता यायचा नाही, सकाळी सहाचा गजर लावायलासुद्धा जिने मला हॉस्टेलवर फोन केलेत, ती ही बाई. मधे चुकली. मागे आली. परत चाक. शेवटच्या ठिकाणी बोट बराच वेळ नुसतं वर धरलेलं होतं. मग ते टेकलं. तिने फोन उशीशी ठेवला, पदर सारखा केला आणि दाराकडे पाहिलं. मी दिसले.

फोन वाजायला लागला.

बाबा हात पुसत आत आले, कॉल घेतला आणि कपाळावर हात मारला. "पाह्य, पुन्हा बंद! बरं झालं, आता तू इथंच आहेस. तूच पाह्य बरं काय झालं याला."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवर इरा, हनुवटीला वरण लागलेलं, कॅमेऱ्यात नाक खुपसून म्हणत होती, "नानी कहाँ?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"सेटिंग बरोबर आहे बाबा," मी म्हटलं. "इथलं नेटवर्कच तसलं आहे."

आणि फोन तिच्या डाव्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"इथंच आहो, माय," आई म्हणाली.