डेलमारचं मौन

डेलमार कोवालचुकने सव्वीस वर्षं एकच उद्योग केला: बर्फावरच्या हॉकीतले गोलकीपर घडवायचे आणि मोठ्या लीगमध्ये धाडायचे. तिकडे पोचले दोनच, त्यातला एक त्याचा जावई, ही गोष्ट गाव अजून चघळतं. त्याचा नियम मात्र साऱ्या संघाला पाठ होता. सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. त्या दिवशी डेलमारही तोंडाला कुलूप लावायचा, त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही.

त्या शनिवारी सामन्याला अर्धा तास असताना ऑफिस सांभाळणाऱ्या लोर्नाने त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवली. 'मोठ्या लीगमधल्या संघाचा गोलकीपर जखमी. आपल्या रीसला चारच्या विमानाने पाठवा.'

डेलमारने घड्याळ पाहिलं. साडेसहा. हातातली कॉफी बुटांवर सांडली.

"फोन कधी आला?" तो किंचाळला.

"बाराला."

"आणि बाई, तू आत्ता सांगतेस?"

"त्याच्याशी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं नाही. मग चिठ्ठी चालते का, यावर ऑफिसातले आम्ही सगळे सहा तास भांडत होतो!"

डेलमारने मोठ्या संघाला फोन लावला. त्यांनी केव्हाच दुसऱ्या गावचा पोरगा नेला होता.

मग तो रीससमोर जाऊन बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. विशीतला रीस पांढराफटक पडला.

"कोच," तो कसाबसा म्हणाला, "निदान हे तरी सामन्यानंतर सांगायचंत!"

पहिल्या दहा मिनिटांत त्याने चार गोल खाल्ले.