पौषातलं उटणं

मूर्तिजापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मैनाबाई न्हाव्याची सून म्हणून आली आणि तिथंच म्हातारी झाली. जन्मलेल्या लेकराला न्हाऊ घालायचं आणि लग्नाच्या नवरीला उटणं लावायचं, हे तिचं काम. गावातल्या निम्म्या माणसांची डोकी तिनं आपल्या पायांवर घेऊन, तेल चोळून गोल केली होती. त्यामुळे समोर कितीही मोठा बाप्या उभा असो, मैनाबाई त्याच्याशी बोलायची ती पायांवर पालथ्या घातलेल्या लेकराशी बोलावं तशीच.

तिच्या उटण्याचं नाव चार गावांत होतं. मसुराचं पीठ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा. हाताला जोर असा की नवरी कळवळायची, पण उठायची ती उजळून.

ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. ज्वारीच्या वावरातही लोकांनी कापूस पेरला. कडबा मिळेना, गाई-म्हशी आटल्या, पण गाड्या थांबल्या नाहीत. चंद्रभान असाच एक गाडीवान. कार्तिकापासून तो अकोला आणि अमरावतीच्या बाजारात कापूस पोचवत होता. पहाटेचा बोचरा वारा तोंडावर घेऊन त्याच्या गालांवर खवले आले होते.

एरवी त्याचं त्याला काही वाटलं नसतं. पण पौषी पुनवेला गावात दंडार व्हायची, सोंगं काढून रात्रभर चालणारा नाचगाण्याचा खेळ, आणि दंडारीतली राधा नऊ वर्षं चंद्रभानच होता. वर्षभर बैलांच्या शेपट्या पिळणारा हा माणूस त्या एका दिवशी नऊवारी नेसून उभा राहिला, की बाया पदराआडून बघत राहायच्या.

पुनवेला आठ दिवस उरले तेव्हा तो मैनाबाईच्या दारात आला.

"मैनामाय, पाह्य वं जरा. हे थोबाड राधेचं हाय का?"

मैनाबाईनं गालावरून बोट फिरवलं. "राधेचं नाई, रेड्याचं हाय. बस खाली."

तिनं नवरीला लावतात तसंच उटणं कालवलं आणि नवरीला चोळतात तसंच चोळलं. चंद्रभानच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"भलतीच आग होऊन राहिली, माय."

"न्हानपणीबी असाच रडत होता. गप बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सुभद्रा अंगणात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला होता.

"मैनामाय, माणूस धाडला होता तुमच्याकडे, भरताचं वांगं वापस आलं!"

मैनाबाई तिच्यामागं धावतच गेली. चंद्रभान भिंतीकडे तोंड करून बसला होता. गाल लालभडक, सुजलेले, चिरांतून लस येत होती. दंडारीचा म्होरक्या नत्थुजी, नेहमीसारखं फेट्याचं टोक गालांवरून ओढून, तिथंच होता.

"याच्यावर मुर्दाडशिंग कसं लावू मी? उमरीच्या किसनरावले सांगून येतो. यंदा राधा त्याची."

मुर्दाडशिंग म्हणजे दंडारीत तोंडाला फासायचा पांढरा लेप. धडधाकट चामडीलाही तो झोंबायचा.  

"चार दिवस थांब नत्थुजी," ती म्हणाली. "हे मी केलं, मीच निस्तरतो."

घरी येऊन ती चुलीपुढं बसली. इतक्या पोरींना लावलं, कोणाला कधी पुळी आली नाही. मग यंदा वेगळं काय केलं? काहीच नाही. आणि विचार करता करता तिला कळलं, की चुकलं ते हेच. लग्नं चैत्र-वैशाखात. तेव्हाचा चेहरा घामानं, तेलानं थबथबलेला. उटणं ते ओढून घेतं. पौषातल्या चेहऱ्यावर ओढायला तेल कुठलं? तिनं चंद्रभानची चामडीच ओढली होती. वरचं कातडं सोलून आग उठली, म्हणजे हे भाजणंच झालं. आणि भाजलेल्या लेकरावर काय लावायचं, ते तिला ठाऊक होतं.

त्या औषधाला गाईचं तूप हवं होतं, आणि गावात तूप नव्हतं. सुभद्रानं संक्रांतीसाठी जपलेली लोटी आणून पुढं ठेवली.

तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, विहिरीचं थंड पाणी घालून तळहातानं फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभरदा. मोजायला मैनाबाईनं ज्वारीचे शंभर दाणे घेतले. दर पाण्याला एक दाणा बाजूला. साठाव्या दाण्याला तिची बोटं बधिर झाली, तेव्हा सुभद्रानं ताट ओढून घेतलं. शेवटी तुपाचा वास गेला, रंग गेला, उरला तो पांढराशुभ्र, सायीसारखा मऊ गोळा.

"चोळायचं नाई," मैनाबाईनं सांगितलं. "नुस्तं ठेवायचं. पाखराच्या पिलावर हात ठेवतात तसं."

सकाळी कोमट दुधात भिजवलेल्या कापसानं टिपायचं, मग हे लावायचं. कढत पाणी नाही, चुलीची धग नाही, वारा नाही. ऐन कापसाच्या दिवसांत चंद्रभानची गाडी उभी राहिली, याचं गावाला नवल वाटलं. तो जुन्या धोतराचा मऊ फडका तोंडाला गुंडाळून बसायचा.

"नवी नवरी हाय माह्या घरी," सुभद्रा म्हणायची. "तोंडच दाखवत नाई."

चौथ्या दिवशी सूज उतरली. नत्थुजी येऊन बघून गेला आणि उमरीला गेला नाही. पुनवेपर्यंत खवले गेले. खालची चामडी कोवळी, लेकराच्या तळपायासारखी.

पुनवेला दुपारीच नत्थुजी लेप उगाळून घेऊन आला.

"हे याच्या तोंडाले लागनार नाई," मैनाबाई आडवी आली.

"बिनरंगाची राधा? लोक हासतील ना, बाई! कायीभोर राधा म्हनतील."

"गवळ्याची पोर ते. उन्हातान्हात गाई राखे. गोरी कावून राहीन?"

चंद्रभान त्या वाटीकडे बघत होता. त्यालाही गोरं व्हायचं होतं. "एका दिवसानं काय होते, माय?"

मैनाबाई वाद घालत बसली नाही. तूप फेटून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. तिनं चिमूटभर लेप घेऊन भेगेत भरला आणि हात त्याच्यापुढं धरला. भेग लालभडक झाली, तिचे डोळे भरून आले, तरी तिनं हात मागं घेतला नाही.

"पूस ते," चंद्रभान म्हणाला. "पूस, माय. सुभद्रे, काजळ आन."

दिवेलागणीला राधा आली ती सावळी. डोळ्यांत काजळ आणि कपाळावर कुंकू एवढंच. कोणी तरी ओरडलं, "राधा कापूस वेचून आली का बे!"

"हाव," राधा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुह्याच वावरात होतो. तू धुऱ्यावर घोरत होता."

माणसं इतकी हसली की ढोलकी थांबवावी लागली. मैनाबाई मात्र हसली नाही. ती गाल बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी नत्थुजी आला. इकडंतिकडं बघून त्यानं डोक्याचा फेटा सोडला, गालांवरून ओढलेलं त्याचं टोक काढलं. चंद्रभानच्या आधी वीस वर्षं राधा तोच होता. गालांवर लेपानं पडलेले डाग, भेगा, सगळं अजून तसंच होतं.

"माह्यंबी थोबाड पाह्य ना वं," तो खाली बघत म्हणाला. "आता उशीर झाला असंन."

"डोये मीट," मैनाबाई म्हणाली, आणि तिनं त्याचं तोंड दोन्ही तळव्यांत घेतलं.